वाट्याचा खडा

अक्काबाईला दारूतलं काही शिकवावं, असा माणूस हरसूलच्या डोंगरावर अजून जन्माला यायचा होता. चाळीस वर्षं तिनं मोहाची भट्टी लावली. भिजत घातलेल्या मडक्याला नुसता कान लावून ती सांगायची, हे उद्या उतरेल आणि ते परवा. लग्न असो, बारसं असो, पाड्यावर कुणी मेलेलं असो, अक्काबाईच्या हातची आली म्हणजे कार्य पार पडलं. आणि आता तिचाच पोरगा, जो तिच्या पदराला नाक पुसत मोठा झाला तो हिरामण, तिला सांगत होता, "आये, तू फक्त बाटल्या पुसून दे. बाकी कशाला हात लावू नको."

"बरं बाबा," अक्काबाई म्हणाली. पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

हिरामण विंचूरच्या वाइन पार्कात एका कंपनीत अकरा वर्षं कामाला होता. टाक्या धुण्यापासून सुरुवात केली होती त्यानं. आता टाकीजवळून जाताजाता तो वासावरून सांगायचा की आत काय बिघडतंय, आणि साहेब लोक मागून यंत्र लावून बघायचे तर तेच निघायचं. आईचं नाक त्याला मिळालं होतं, दुसरं काय! पण कंपनीच्या कागदावर तो हेल्परच. दहावी नापास माणसाला नाक असलं तरी कागदावर कुठं लिहिणार?

मग त्या हिवाळ्यात रविराज नावाचे एक साहेब कंपनीत आले. नाशिकला गंगापूर रोडला त्यांचं हॉटेल उघडत होतं, जिथं बिअर तिथंच बनणार आणि तिथंच पाजणार. परवान्याचे कागद गेले होते, टाक्या यायच्या होत्या, फक्त बनवणारा माणूस पाहिजे होता. हिरामणचं नाक त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते आवडलं.

"पुण्याचा एक शिकलेला मुलगा मागे लागलाय माझ्या," ते म्हणाले. "पण तू मला घरी एक पेल एल, फिकट रंगाची बिअर, करून दाखव. लिंबाचा वास पाहिजे, आंबटपणा नको. चोवीस बाटल्या आण. मी त्यातल्या कुठल्याही चार उघडीन. चारही एकसारख्या लागल्या तर टाक्या तुझ्या हातात."

लागणारं सामान त्यांनीच दिलं. मोड आणून वाळवलेलं सातू, हॉप्स नावाची कडू वाळकी फुलं आणि यीस्टची पुडी. घरात असलं करायचं तर परवाना लागतो, हा घोर हिरामणच्या बायकोच्या, मोहिनीच्या जिवाला लागला. पण टाक्या धुण्यात नवऱ्याचं आयुष्य जायला नको, हेही तिलाच जास्त वाटत होतं. तिनं देवापुढे नारळ ठेवला आणि गप्प राहिली.

राहिला प्रश्न लिंबाच्या वासाचा. बाजारातली लिंबं हिरामणनं हुंगली आणि ठेवून दिली. त्याला आठवलं ते पाड्यावरच्या घरामागचं ईडलिंबाचं झाड. त्याच्या बापानं, मंगळूनं, लावलेलं. त्याच्या फळाची साल नखानं जरा खरवडली तरी ओटीपर्यंत वास यायचा. हिरामणनं फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी अक्काबाई डोक्यावर ईडलिंबांचं गाठोडं घेऊन, दोन एसट्या बदलून, विंचूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत हजर झाली.

तिला लय आनंद झाला होता, खोटं कशाला सांगा. मंगळूला जाऊन सहा वर्षं झाली होती. द्राक्षाच्या छाटणीला माणसं घेऊन निघालेली पिकअप घाटात उलटली, त्यात तो गेला. पुढच्याच वर्षी हिरामण म्हणाला, "आये, आता भट्टी नको. कुणी पकडलं तर माझ्या नोकरीला बट्टा लागंल." अक्काबाईनं एका शब्दानं विचारलं नाही. सगळी मडकी अंगणात आणून फोडली. तेव्हापासून दर भादव्यात पित्तरांच्या दिवशी मंगळूच्या पानावर दुकानातली चपटी यायची. ज्या माणसानं जन्मात दुकानातली तोंडाला लावली नाही, त्याच्या पानावर. तेवढं एक अक्काबाईला खुपायचं.

म्हणून पोरगा घरात पुन्हा काही शिजवतोय म्हटल्यावर ती चुलीपासून हलायला तयार नव्हती. मोठ्या पातेल्यात सातूचं पाणी तासभर उकळलं, हॉप्स पडले, शेवटी ईडलिंबाची किसलेली साल पडली, आणि खोलीत असा वास सुटला की शेजारची पुतळाबाई दारात येऊन "काय करताय गं?" म्हणून विचारून गेली. "लोणचं," मोहिनीनं सांगितलं. ते सगळं थंड करून झाकणाच्या बादलीत भरलं. झाकणाला एक नळी होती, तिच्यातून बुडबुडे यायचे. बाराव्या दिवशी अक्काबाईनं बादलीला कान लावला.

"परवा थांबंल," ती म्हणाली.

परवा थांबलं. हिरामण मोठ्यानं हसला. "मला मीटर कशाला पायजे, आई हाय की माझ्याकडं," तो मोहिनीला म्हणाला. अक्काबाई दिवसभर ते वाक्य चघळत बसली होती.

आणि मग तो बाटल्या भरायचा दिवस आला.

हिरामणनं छोट्या काट्यावर शंभर ग्रॅम साखर मोजली. दोनदा मोजली. पाण्यात उकळून ती बादलीभर पेल एलमध्ये मिसळली आणि वहीत लिहून ठेवलं. वहीत तो सगळंच लिहायचा, किती वाजता काय घातलं, किती गरम होतं.

"एवढीशी?" अक्काबाई म्हणाली. "मुंग्यांना तरी पुरंल का?"

"मोजून असतं आये ते," हिरामण म्हणाला. का मोजून, ते त्यानं सांगितलं नाही. आईला काय हे सांगायचं, असं त्याला वाटलं असेल. तिनंही विचारलं नाही. पोराला काय हे विचारायचं, असं तिला वाटलं. तेवढ्या एका प्रश्नावर पुढचं सगळं टळलं असतं, पण मायलेकरांना कुठली अक्कल!

तो बादलीपाशी बसला, तोटी लावून. ती दारापाशी बसली, धुतलेल्या बाटल्या फडक्यानं पुसत. तेवीस बाटल्या तपकिरी होत्या, भंगारवाल्याकडून आणलेल्या. चोविसावी मात्र पांढऱ्या जाड काचेची होती, कंपनीत फेसाळत्या वाइनला वापरतात तसली. तिच्या तोंडालाही तेच लोखंडी टोपण बसत होतं म्हणून घेतली होती.

अक्काबाईच्या कमरेच्या चंचीत गूळ होता.

तिच्या घरात एक रीत होती. मडकं भरताना घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं एका मडक्यात गुळाचा खडा टाकायचा. त्याला म्हणायचे वाट्याचा खडा. टाकणाऱ्यानं तो बोलून दाखवायचा नाही आणि बघणाऱ्यानं त्याबद्दल विचारायचं नाही. विचारलं तर मेलेल्याच्या तोंडातला घास काढल्यासारखं व्हायचं. मोहाच्या मडक्याला त्यानं काही होत नसे, झालीच तर जरा कडक उतरायची. मडक्याच्या तोंडावर पानं असतात, त्यातून आतली वाफ आपली निघून जाते. बाटलीच्या तोंडावर लोखंडी टोपण असतं, हे अक्काबाईला दिसत होतं. पण चाळीस वर्षांत तिनं कुठल्या मडक्याचं तोंड असं आवळलं नव्हतं, त्यामुळे त्या टोपणाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

एरवी एकाच मडक्यात खडा पडायचा. पण ह्या बाटल्या घरात राहायच्या नव्हत्या. त्या परक्या साहेबापुढे जायच्या होत्या, आणि तो कुठल्या चार उघडणार हे कुणाला माहीत? पोराच्या बाजूनं बोलायला तिथं कोण होतं? अक्काबाईनं मनाशी मंगळूचं नाव घेतलं आणि पुसलेल्या प्रत्येक बाटलीत, सुपारीच्या खांडाएवढे दोन दोन खडे सोडून, ती बाटली पुढे सरकवली. तपकिरी काचेतून काही दिसत नव्हतं. हिरामणचं लक्ष तोटीवर होतं.

शेवटी पांढरी बाटली आली. हिरामणनं ती भरली, टोपण ठोकायला उचलली आणि थांबला. उजेडाकडे धरून त्यानं बघितलं. तळाला गूळ विरघळत होता, त्याची लाल रेघ वर चढत होती. त्यानं एकदा आईकडे बघितलं. अक्काबाई फडकं पिळत बसली, मान वर केली नाही तिनं. त्यानं टोपण ठोकलं, ओल्या गोणपाटात ती बाटली गुंडाळली आणि मोरीतल्या गार कोपऱ्यात एकटी नेऊन ठेवली.

पोरानं ओळखलं आणि राहू दिलं, असं अक्काबाईला वाटलं.

बाकीच्या तेवीस खाटेखालच्या क्रेटमध्ये गेल्या.

एप्रिल संपत आला होता. विंचूरला उन्हाळा काय असतो ते पत्र्याखाली राहणाऱ्याला विचारा. हिरामण रोज सकाळी क्रेटवर ओलं पोतं टाकायचा आणि कामावरून आला की पुन्हा भिजवायचा. रविवारी बाटल्या घेऊन जायच्या होत्या. चोवीसला एक कमी पडत होती, पण साहेब उघडणार चारच, म्हणून तेवीस चालतील असं त्यानं धरलं होतं. शनिवारी त्याला सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं होतं, मोहिनी नळावर गेली होती, अक्काबाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

आधी एक आवाज झाला. टायर फुटावा तसा. मग काच जमिनीवरून घरंगळल्याचा आवाज, आणि खोलीभर ईडलिंबाचा वास.

"अरे अरे अरे," म्हणत हिरामण खाटेखाली वाकला. त्यानं पळून जायला हवं होतं. पण त्या तेवीस बाटल्या उद्या न्यायच्या होत्या, आणि बाहेर सावलीत नेल्या तर बाकीच्या वाचतील असं त्याला वाटलं. त्यानं क्रेट दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरला. दुसरी फुटली आणि तिच्या धक्क्यानं तिसरी, चौथी. अक्काबाईच्या हातातलं सूप उडालं. हिरामण क्रेट न टाकता दोन पावलं दारापर्यंत आला, तसाच खाली बसला, आणि मग त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं. त्यानं हात उजव्या डोळ्यावर दाबून धरला होता.

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सोडावॉटरची बाटली फुटली म्हणून सांगितलं. डॉक्टर भले होते, त्यांनी फार खोदून विचारलं नाही. दोन वेळा ऑपरेशन झालं. काच निघाली, डोळा जागेवर राहिला, पण त्यातली नजर गेली ती गेली.

पाचव्या दिवशी रविराज साहेब भेटायला आले. सफरचंदं घेऊन आले होते, खाटेजवळ स्टुलावर बसले, मोहिनीला म्हणाले, "काळजी करू नका ताई." अक्काबाई खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. तिच्याकडेही त्यांनी बघून हात जोडले.

"साहेब," हिरामण म्हणाला, "माझं काम गेलं का?"

"एका डोळ्यानंही बिअर बनवता येते रे," रविराज म्हणाले. "तुझं नाक कुठं गेलंय? मला एवढंच सांग, फुटल्या कशानं?"

"साखर जास्त झाली की फुटतात, साहेब. आत गॅस मावत नाय."

फरशीवर अक्काबाईनं ते ऐकलं. साखर. आणि गूळ म्हणजे दुसरं काय?

"मग किती घातली होतीस?"

"शंभर ग्रॅम. बरोबर तेवढीच पाहिजे होती."

"शंभरनं नाही फुटत."

"नाय फुटत," हिरामण म्हणाला. "मी रोज इचार करतोय. काटा बरोबर हाय. वहीत बरोबर लिव्हलंय. माझा हातच कुठंतरी चुकला असंल."

रविराजांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "हिरामण, चूक कुणाचीही होते. माझ्याकडच्या टाक्या पाचशे लिटरच्या आहेत. तू म्हणालास की अमुक चुकलं, तर उद्यापासून ये म्हणेन मी. पण काय चुकलं हेच ज्याला सापडत नाही, त्याच्या हातात मी त्या कशा देऊ? तिथं लोक बसलेले असणार."

खोलीत पंखा फिरत होता. हिरामण बोटांवर काहीतरी मोजत राहिला. साहेब वाट बघत होते. आणि फरशीवर बसलेल्या अक्काबाईच्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं होतं. चार शब्दांचं तर होतं. साहेब, म्या टाकला गूळ.

तिनं मूग गिळले. का गिळले, ते तिनं स्वतःला असं समजावलं: पोराला ठाऊक आहे. त्यानं पांढऱ्या बाटलीत गूळ पाहिलाय. परक्या माणसापुढे आईचं नाव नको म्हणून तो स्वतःवर घेतोय, मग आपण मध्ये बोलून त्याचं मोठेपण कशाला घालवा? असं म्हणे समजावलं! खरं सांगायचं तर तिला भीती वाटली. मोहिनीच्या नजरेची वाटली, साहेबाची वाटली, आणि पोराची तर सगळ्यात जास्त. जे मानलं की गप्प बसता येईल, तेच तिनं मानून घेतलं.

रविराज उठले. "बरा हो आधी," म्हणाले आणि गेले. महिनाभरात पुण्याचा मुलगा त्यांच्या हॉटेलात कामाला लागला.

पोराला ठाऊक आहे, हा अक्काबाईचा समज फार दिवस टिकला नाही. विंचूरला घरी आल्यावर हिरामण रोज वही घेऊन बसायला लागला. एक डोळा बारीक करून आकडे वाचायचा. काट्यावर साखर मोजायचा, पुन्हा डब्यात ओतायचा, पुन्हा मोजायचा. एका संध्याकाळी त्यानं ओळीनं वीस वेळा शंभर ग्रॅम मोजले, आणि वीसही वेळा शंभरच भरले.

"बरोबर तर येतंय," मोहिनी म्हणाली.

"तेच तर," हिरामण म्हणाला. "मंग त्या दिवशी हाताला काय झालं व्हतं माझ्या?"

जो माणूस सोंग करतो, तो वीस वेळा साखर मोजत नाही. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो खरोखर शोधत होता. अक्काबाई चुलीशी बसून हे बघत होती. उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. कंपनीनं त्याला टाक्यांवरून काढलं आणि गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं, तेव्हा ती म्हणाली आता सांगून तरी काय उपयोग? मग एक दिवस "भाताची लावणी आली" म्हणून तिनं गाठोडं बांधलं आणि ती पाड्यावर निघून गेली. पळून गेली म्हणा हवं तर.

भादव्यात पित्तरांच्या दिवशी हिरामण एकटाच पाड्यावर आला. मोहिनीला सुट्टी नव्हती मिळाली, ती आता एका कांद्याच्या खळ्यावर कामाला जात होती. एसटीतून उतरून चढ चढताना तो दोनदा ठेचाळला, कारण उजवीकडचं त्याला दिसत नव्हतं. अक्काबाईनं ते ओटीवरून पाहिलं. त्याच्या हातात पिशवी होती आणि तो ती अगदी जपून, अंगापासून लांब धरून आणत होता.

स्वयंपाक झाला होता. भात, उडदाचं वरण, नागलीची भाकर, वडे. अक्काबाईनं मंगळूचं पान घरामागे ईडलिंबाच्या झाडाखाली मांडलं होतं. शेजारी दुकानातली चपटी उभी होती.

"ती ऱ्हाऊ दे आज," हिरामण म्हणाला आणि त्यानं पिशवीतून ओलं गोणपाट काढलं. त्यात ती पांढरी जाड बाटली होती.

अक्काबाईनं चपटी उचलून पदराखाली घेतली.

"जाड काच हाय, म्हणून वाचली," तो म्हणाला. "पाच महिने माठाच्या बुडाशी पाण्यात ठेवली व्हती. आये, हे बोलून दाखवायचं नसतं, मला ठाऊक हाय. पण इतक्या वर्सांनी बाबाला घरच्या हातची मिळतीय, म्हणून बोलतो. तू ह्या बाटलीत बाबाचा खडा टाकलता ना, तो म्या त्या दिवशीच पाह्यला. वेगळी बाटली बघून तू बरोबर बाबासाठी काढलीस. म्या बी मग बाजूला ठेवली. एका बाटलीनं काय व्हतंय, आणि ही तर जाड, म्हटलं बाबाचा वाटा काय फेकायचा."

तो हे बोलताना हसत होता. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसत होता. अक्काबाई त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली. आता गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. तो निवांत जेवला असता, तिला भेटून परत गेला असता, आणि गेटवर बसून आपला हात कुठं चुकला ते जन्मभर शोधत राहिला असता.

"एकाच नाय, हिरामण," ती म्हणाली.

"काय?"

"एकाच बाटलीत नाय टाकला. सगळ्यात टाकला."

त्याला आधी कळलं नाही. तो तसाच हसरा उभा होता, आणि मग ते हसू हळूहळू जायला लागलं.

"सगळ्यात?"

"चोवीसच्या चोवीस. दोन दोन खडे." अक्काबाईचा आवाज फुटला. "तो साहेब कंची उघडंल ते ठाव नव्हतं रं. म्हटलं कंची बी उघडू दे, तुझा बाप तुझ्या पाठीशी पायजे. एकटा जाणार व्हतास तू. म्या कुठं तुझं वाईट चिंतलं? मला गूळ घातला की फुटतं हे ठाव नव्हतं, तुझ्या बापाची आन."

हिरामण खाली बसला. बाटली त्यानं दोन्ही हातांत धरली होती. अंगठ्यानं तो तिच्या टोपणाची कड चाचपत राहिला.

"म्हंजे माझा हात चुकला नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"नाय रं बाबा. तुझा हात कशाला चुकंल?"

"शंभर ग्रॅमच व्हती."

"शंभरच व्हती. म्या पाह्यली मोजताना. दोनदा मोजलीस तू."

त्यानं मान हलवली. मग त्यानं चांगला डोळा वर करून तिच्याकडे नीट बघितलं. "दवाखान्यात साहेबांनी इचारलं," तो म्हणाला, "तवा तू तिथंच व्हतीस. पायापाशी."

"व्हते."

"साहेब वाट बघत व्हते."

अक्काबाईनं पदर तोंडात कोंबला. तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला ते सोसलं असतं. तो ओरडला नाही. त्यानं बाटली पानाजवळ नेली, तोंड स्वतःपासून लांब करून धरलं, आणि दगडाच्या कडेवर टोपण उचकटलं.

फेस झाडाच्या फांदीपर्यंत उडाला. बाटली बराच वेळ ओकत राहिली, पानावरचा भात भिजला, वडे भिजले, आणि सगळ्या परसात ईडलिंबाचा वास भरला. तळाला चार घोट राहिले. त्यातले दोन त्यानं पानाशेजारी जमिनीवर धार धरून सोडले. एक स्वतः घेतला. डोळे मिटून तोंडात घोळवला, टाकीवरचा नमुना चाखायचा तसा, आणि गिळला. मग बाटली आईपुढे धरली.

"चाख."

"मला नको रं."

"चाख, आये. चाळीस वर्सं केलीस तू. तुला कळंल."

अक्काबाईनं बाटली तोंडाला लावली. गुळाची जराशी कडवट झाक होती, ती तिच्या हातची. तिच्याखाली सातू होतं, कडूपणा मोजून मापून होता, आणि मागून सालीचा वास असा यायचा की घोट गेला तरी तो जिभेवर बसून राहायचा. आंबट कुठं नव्हती. तिच्या उभ्या जन्मात तिच्याकडूनही इतकी साफ उतरली नव्हती. खोटं बोलायची तिची ताकद संपली होती.

"चांगली झालीय," ती म्हणाली.

"चांगलीच झाली व्हती," हिरामण म्हणाला.

त्यानं रिकामी बाटली पानापाशी उभी करून ठेवली आणि पिशवीची घडी घातली. अक्काबाईनं वाढलेलं ताट ओटीवर तसंच होतं. तो त्याच्याजवळून पुढे गेला, चपला घातल्या, आणि उजवा हात कुडाच्या भिंतीवर चाचपत उताराला लागला. तीनची एसटी मिळाली तर रात्रपाळीला गेटवर पोचता येणार होतं.